जवसाचे तेल, सरकीची ढेप आणि अँटिऑक्सिडंटची डबी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार-कायद्यावर काहीतरी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही अँटिऑक्सिडंट हा शब्द उच्चारला आणि ते क्षणभर गप्प झाले. युनियनचा माणूस रसायनशास्त्रावर बोलणार हे त्यांना चमत्कारिक वाटले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. आमची शाळा सातवीतच सुटली. रसायन म्हणून जे काही आम्ही शिकलो, ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि तेलगिरणीच्या फाटकावर. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण झाली एक डबी.

गेल्या हंगामात अमरावतीजवळच्या एका जिनच्या फाटकावर सभा आटोपल्यावर एक मजूर आमच्याजवळ आला. रुईच्या ढिगावर काम करणारा, वय पस्तिशीच्या आसपास. त्याने खिशातून प्लॅस्टिकची डबी काढली. तिच्यावर संत्र्याचे चित्र, हिरवे पान आणि ठळक अक्षरांत तो शब्द. "भाऊ, हे घेतलं तं धूळ बाधत नाही म्हनते. खरं हाय काय?" डबीसाठी त्याने दोन दिवसांची मजुरी मोजली होती. आम्ही त्याला "बघतो" म्हणालो, आणि घरी आलो तो मन अस्वस्थ घेऊनच. शब्द ओळखीचा होता, अर्थही थोडाफार ठाऊक होता. पण डबीने खरेच धूळ बाधत नाही काय, हे छातीठोक सांगता येईना. पुढचे तीन-चार महिने त्या प्रश्नामागे गेले. जे हाती लागले ते आज आपल्यासमोर ठेवतो.

सुरुवात मात्र डबीपासून न करता एका आगीपासून करतो.

आम्ही विशीत असताना अकोल्याच्या एका तेलगिरणीत कामाला होतो. वैशाखाचे दिवस, बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात. गिरणीच्या दारे-खिडक्यांना रंग देण्याचे काम चालले होते आणि रंगात मिसळायला जवसाचे तेल आणले होते. रंगाऱ्यांनी दिवसभर हात आणि कुंचले सुती चिंध्यांना पुसले आणि त्या तेलकट चिंध्यांचा ढीग गोदामाच्या कोपऱ्यात लोटून दिला. रात्री त्या ढिगातून धूर निघाला. आग वेळीच विझली, पण सकाळी चौकशी झाली आणि आळ आला रात्रीच्या पहारेकऱ्यावर. त्याने बिडी ओढून थोटूक टाकले असणार, दुसरे कारण काय असणार! त्याची पंधरा दिवसांची मजुरी कापली गेली. तो माळकरी माणूस. आयुष्यात बिडीला शिवलेला नव्हता. तो हे सांगत राहिला आणि कोणी ऐकले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही मनातून त्याच्यावर पुरता विश्वास ठेवला नव्हता. काडी ओढल्याशिवाय आग लागते, हे आम्हांला त्या वेळी ठाऊक नव्हते.

पुढे काही वर्षांनी रंगकामावरील एका पुस्तकात आम्ही वाचले की, जवसाच्या तेलात भिजलेल्या कापडाचा ढीग आपोआप पेट घेतो, आणि हे जगभरच्या रंगाऱ्यांना, सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चिंध्या एकेक करून वाळत पसराव्या किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्या, असा तिथे नियमच दिलेला होता. आम्ही तो मजकूर उतरवून घेतला आणि त्या पहारेकऱ्याचा पत्ता शोधत गेलो. तो वारला होता.

आता हे घडते कसे? तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. या साखळीत काही जागी दोन कार्बनांमध्ये एकाऐवजी दोन बंध असतात. शेंगदाण्याच्या तेलात असे दुहेरी बंध थोडे. जवसाच्या तेलाचा सुमारे निम्मा भाग मात्र अशा आम्लाचा असतो की, त्याच्या प्रत्येक साखळीत तीन-तीन दुहेरी बंध आहेत. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध सापडलेला हायड्रोजनचा अणू सैल बसलेला असतो. उष्णतेने, उजेडाने किंवा लोखंड-तांब्याच्या एखाद्या कणाने तो निखळला की साखळीवर एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो.

हा एकटेपणा सगळ्या कथेचे मूळ आहे. इलेक्ट्रॉन हे जोडीने राहणारे असतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिला, त्याला रसायनाच्या भाषेत मुक्त मूलक म्हणतात. आपल्यापुढे वऱ्हाडातले शेत आणावे. पेरणी तोंडावर आली आहे आणि एका शेतकऱ्याचा एक बैल मेला. एका बैलाने तिफण ओढता येत नाही. तो रात्री शेजाऱ्याच्या गोठ्यातला एक बैल सोडून आणतो. त्याचे काम झाले, पण आता शेजारी एका बैलाचा धनी झाला. तो तिसऱ्याच्या गोठ्यात शिरतो. सकाळपर्यंत सारे गाव चोर झालेले. मुक्त मूलकाचे नेमके असेच आहे. तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतो, आणि ओढल्याबरोबर शेजारी स्वतःच मूलक होतो. तेलाच्या बाबतीत मध्ये प्राणवायूही येऊन चिकटतो आणि प्रत्येक चोरीला थोडी उष्णता बाहेर पडते. भांड्यातल्या तेलात ती विरून जाते, तेल नुसते खवट होते. चिंध्यांच्या ढिगात मात्र तेल सुताच्या धाग्याधाग्यावर पसरलेले, हवा भरपूर, आणि ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर निघायला वाट नाही. उष्णतेने चोऱ्या वाढतात, चोऱ्यांनी उष्णता वाढते, आणि शेवटी कापूस पेटतो.

घरात आपण ज्याला खवटपणा म्हणतो तो आणि गोदामातली आग ही एकाच घरची भावंडे. सकाळी कुटलेली जवसाची चटणी महिन्याने कडवट लागते, तीही हीच गोष्ट.

हे मूलक प्रथम हाती लागले १९०० साली, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग या रसायनज्ञाच्या. तो दुसराच पदार्थ करायला गेला होता. चोरांना आवर घालणारे द्रव्य सापडले ते युद्धाच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये शार्ल मुरू आणि शार्ल द्युफ्रेस हे दोघे ॲक्रोलिन नावाच्या विषारी द्रव्यावर काम करीत होते. तेल जळून करपले की डोळ्यांना जो झोंबरा धूर लागतो, त्यातले हे द्रव्य. त्याचा उपयोग शत्रूवर सोडायच्या वायूसाठी चालला होता. पण ते ठेवल्या ठेवल्या हवेने बिघडून चिकट गोळा होई. त्यांनी त्यात हायड्रोक्विनोनसारखी द्रव्ये अगदी चिमूटभर घातली आणि बिघाड थांबला. चिमूटभर द्रव्य पिंपभर मालाला पुरते याचे कारण उघड आहे: प्रत्येक रेणूवर पहारा बसवावा लागत नाही, चोरीची साखळी एका जागी तोडली की पुरे. गावातला एखादा सधन शेतकरी म्हणाला, "घे माझा एक बैल, मी एकट्या बैलावर भागवीन, पण कोणाच्या गोठ्यात शिरणार नाही," की रात्रीची धावाधाव तिथेच संपते. असा जो देतो आणि दिल्यावर शांत राहतो, तो अँटिऑक्सिडंट.

आपल्या बायामाणसांनी हे नाव ऐकले नव्हते, पण गुण त्यांना ठाऊक होता. तिळाचे तेल जवसाच्या तेलापेक्षा कितीतरी टिकते; त्यात सेसॅमॉल आणि त्याच्या भावकीतली द्रव्ये निसर्गानेच घातली आहेत. सरकीच्या तेलातही ई जीवनसत्त्व भरपूर असते, आणि ई जीवनसत्त्व हे याच कामाचे.

आता तेलगिरणीतून माणसाच्या देहात येऊ. आपली प्रत्येक पेशी तेलकट पापुद्र्याने वेढलेली आहे. या पापुद्र्यात जवसासारखीच दुहेरी बंधांची आम्ले आहेत. ती नसती तर पापुद्रा लवचीक राहिला नसता. म्हणजे देह हासुद्धा तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीगच, आणि त्याला आपण रात्रंदिवस प्राणवायू पाजतो, तोही ३७ अंशांच्या उबेत. मग तो खवट का होत नाही?

मूलके देहात तयार होतात, यात संशय नाही. अन्नातून शक्ती काढण्याचे काम पेशीतल्या तंतुकणिका करतात. तिथे प्राणवायूला एकामागून एक चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचे पाणी करावयाचे असते. काम बहुधा चोख होते, पण एखादा प्राणवायूचा रेणू एकच इलेक्ट्रॉन घेऊन निसटतो. त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि त्याची गाठ मोकळ्या लोहाशी पडली तर हायड्रॉक्सिल नावाचे मूलक जन्मते. हा साऱ्या टोळीचा म्होरक्या. जे पहिले भेटेल त्याला तो फाडतो, मग तो पापुद्रा असो, प्रथिन असो की आनुवंशिक गुणांचा धागा असो. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मांडले की, माणसाचे म्हातारपण हे बहुतांशी याच रोजच्या नासधुशीचे फळ आहे. त्या काळी बहुतेकांना देहात अशी मूलके असतील हेच पटत नव्हते.

ते पटवले एका विसरलेल्या प्रथिनाने. १९३८ मध्ये मान आणि केलिन यांनी जनावराच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे केले होते. ते काय काम करते हे कोणालाच कळेना. हजेरीपटावर नाव आहे, रोज येतो, पण कोणत्या खात्यात काम करतो ते मुकादमालाही ठाऊक नाही, अशी त्याची तीस वर्षे स्थिती होती. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवले की, सुपरऑक्साइडला पकडून निरुपद्रवी करणे हेच त्याचे काम. देहाने एवढा मोठा पहारेकरी नेमला आहे, त्या अर्थी चोर असलेच पाहिजेत, असा लोकांचा विश्वास मग बसला. (आम्हांला आमचा तो पहारेकरी इथे आठवला. त्याच्या बाबतीत मात्र तर्क उलटा चालला होता.)

देहाचा हा बंदोबस्त पाळीपाळीने चालतो. तांबे-जस्ताचे, तंतुकणिकांत मँगनीजचे, हे विकर सुपरऑक्साइड पकडते आणि त्याचे पेरॉक्साइड करते. पेरॉक्साइडचे पाणी करणारी दोन विकरे, एकात लोह आणि दुसऱ्यात सेलेनियम. सेलेनियमवाल्याला ग्लुटाथायोन लागते, आणि ते देह प्रथिनांच्या तुकड्यांपासून स्वतः तयार करतो. पापुद्र्याच्या आत ई जीवनसत्त्व बसलेले असते. ते आपला इलेक्ट्रॉन देऊन साखळी तोडते आणि स्वतः थकते. त्याला बाहेरून क जीवनसत्त्व पुन्हा भरून देते, आणि क ला ग्लुटाथायोन. पाळी बदलणारा आला नाही तर पहिल्याचे काम अडते. ज्यांनी आमच्यासारखी बारा-बारा तासांची पाळी केली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. संरक्षणाचा मोठा भाग देह स्वतःच घडवतो. त्याला बाहेरून हवे असते ते प्रथिन, जस्त, तांबे, सेलेनियम आणि थोडी जीवनसत्त्वे, म्हणजे पोटभर आणि मिसळीचे जेवण. तूरडाळीचे वरण, ज्वारीची भाकर, अंबाडीची किंवा मुंगण्याच्या पाल्याची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि भाकरीबरोबर चावलेली हिरवी मिरची, हे वऱ्हाडी ताट त्या कामाला पुष्कळ आहे. मिरचीला कोणी हसू नये. हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांना क जीवनसत्त्व मुबलक मिळाले ते तिथल्या ढोबळ्या मिरचीतून, आणि त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या कामाचा वाटा होता. आपल्या वरुड-मोर्शीकडची संत्री नामांकित खरी, पण ज्याला आपण इकडे जाम म्हणतो त्या पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, आणि आवळ्यातही. तेव्हा ज्याच्या खिशाला संत्रे परवडत नाही त्याने हळहळू नये. मात्र भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्व मोरीत जाते.

येथपर्यंत सारे डबीच्या बाजूचे वाटते. चोर आहेत, पहारेकरी आहेत, अन्नात पहारेकऱ्यांची भर आहे. मग तीच भर गोळीतून दिली तर काय बिघडले? १९८०-९० च्या सुमारास जगातल्या भल्याभल्या डॉक्टरांनाही असेच वाटत होते. भाजीपाला खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असे दिसले होते, आणि भाजीपाल्यात बीटा-कॅरोटीन असते. तेव्हा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहावे असे ठरले. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. कोणाला खरी गोळी आणि कोणाला नुसती दिखाऊ, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. १९९४ मध्ये निकाल आला. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला.

योगायोग म्हणावा तर अमेरिकेत त्याच वेळी दुसरा प्रयोग चालू होता. त्यात १८,३१४ माणसे होती, आणि आम्हांला विशेष लागलेली गोष्ट ही की, त्यांत धूम्रपान करणाऱ्यांबरोबर ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले चार हजारांवर कामगारही होते. त्यांना कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दिले गेले. १९९६ च्या जानेवारीत हा प्रयोग मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के अधिक आणि मृत्यूही १७ टक्के अधिक. धुळीतल्या माणसाला धुळीपासून वाचवण्यासाठी दिलेली गोळी! पुढे २०११ मध्ये ३५ हजारांवर पुरुषांच्या अमेरिकन प्रयोगात ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

असे का व्हावे? एक खुलासा असा दिला जातो की, धुराने भरलेल्या फुप्फुसात कॅरोटीनच फुटते आणि त्याचे तुकडे त्रासदायक ठरतात. दुसरे कारण अधिक मुळातले आहे. मूलके सगळीच चोर नव्हेत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात ते सुपरऑक्साइडचा मारा करूनच. ज्या मुलांना हा मारा जन्मतः करता येत नाही, त्यांना पुन्हापुन्हा जीवघेणे जंतुदोष होतात. रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड हेही मूलकच. त्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. व्यायामाने स्नायूंत मूलके वाढतात आणि त्या इशाऱ्यानेच देह आपला बंदोबस्त वाढवतो. २००९ मध्ये जर्मन संशोधकांना असे आढळले की, तरुणांना व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या तर व्यायामाचा साखरेच्या पचनावरचा लाभच नाहीसा होतो. गावातली सगळी हालचाल बंद केली म्हणजे चोरी थांबते खरी, पण पेरणीही थांबते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे गुणकारी, हे समीकरणच मुळात चूक आहे, आणि ते समजायला वऱ्हाडच्या माणसाने फिनलंडला जाण्याचे कारण नाही. आपल्या सरकीकडे पाहावे. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. ते प्रभावी अँटिऑक्सिडंट आहे. ते विषही आहे. मोठी गाय-म्हैस सरकीची ढेप पचवते, कारण तिच्या पहिल्या पोटात गॉसिपॉल बांधले जाते. पण लहान वासराला, कोंबडीला ते बाधते. म्हणून तेल शुद्ध करताना ते काढून टाकतात. चीनमध्ये काही खेड्यांत कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या जोडप्यांना मुले होत नाहीत असे दिसून आले, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात पुरुषांच्या संततिनियमनासाठी हजारो जणांना ते देऊन पाहिले गेले. काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले, काहींची प्रजननशक्ती परत आलीच नाही, आणि तो नाद सोडावा लागला. उद्या कोणी गॉसिपॉलची डबी काढून तिच्यावर अँटिऑक्सिडंट असे छापले, तर त्यात खोटे काहीच नसेल.

यापेक्षाही जवळचे उदाहरण पानठेल्यावर मिळते. खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटतात, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या सभेला येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गालात तो असतो. रात्रपाळीत झोप येऊ नये, भूक मरावी, म्हणून माणसे तो धरतात आणि मग तो त्यांना धरतो. आता गंमत पाहा. सुपारीत चहातल्यासारखी कॅटेचिन आणि टॅनिन वर्गाची द्रव्ये भरपूर असतात. हीच द्रव्ये चहाच्या पाकिटावर अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतात. पण सुपारीत चुना मिसळला की पारडे फिरते. चुन्याच्या क्षारात ही द्रव्ये आपले इलेक्ट्रॉन हवेतल्या प्राणवायूला देऊ लागतात, आणि त्यातून सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड बाहेर पडते. घोटताना आणि चघळताना जो लाल रंग सुटतो, तो बराचसा याच क्रियेचा. जो बैल देऊन शांत बसणारा होता तोच चुन्याच्या संगतीत चोर झाला, आणि हा कारभार गालाच्या नाजूक कातडीला चिकटून तासन्‌तास चालतो. सुपारीतले तांबे आणि ॲरेकोलिन हे द्रव्य त्याला हातभार लावतात. गालाच्या आतली कातडी हळूहळू तंतूंनी भरून ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांत हा रोग नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी जोशी यांनी आपल्या देशातले रुग्ण वर्णन केले. पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात तंबाखूवाचूनची सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे सांगणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

राहिली धूळ. जिनमधली धूळ ही नुसती माती नव्हे. कापसाच्या पानाबोंडांचा चुरा आणि त्यावरच्या जंतूंचे विष तिच्यात असते. ती फुप्फुसात गेली की पांढऱ्या पेशी खवळतात आणि आपला मूलकांचा मारा सुरू करतात. जंतू मेलेलेच असतात, मारा बसतो तो फुप्फुसाला. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, हे पुष्कळांनी आम्हांला सांगितले आहे. पूर्वी यावर मालक लोक गुळाचा खडा वाटत. आम्हीही तो खाल्ला आहे आणि गोड मानून खाल्ला आहे. गुळाने घसा ओला होतो, तोंडाला चव येते. उंदरांवरच्या प्रयोगात गुळाने धुळीचा त्रास कमी दिसल्याचे लखनौच्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्धही केले होते. पण उंदराला मुखपट्टी मागता येत नाही, आणि धूळ ओढून घेणारा पंखा मागता येत नाही. आम्हांला ते येते. गुळाच्या खड्याची जागा आता डबीने घेतली आहे, फरक इतकाच की गूळ मालक देत असे आणि डबी मजूर आपल्या पैशाने घेतो.

गोळी सर्वथा निरुपयोगी, असे आम्ही म्हणत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या अति झाल्या की यकृतातले ग्लुटाथायोन संपते, आणि वेळेत दिलेले ॲसिटिलसिस्टीन ते भरून देऊन माणसाला वाचवते. जिथे काय संपले आणि का संपले हे ठाऊक आहे, तिथे औषध हे औषध असते. तोंड न उघडणाऱ्या रुग्णालाही डॉक्टर अशा गोळ्या देतात आणि त्याची आग थोडी कमी होते. पण गोळी जिभेवर आणि खर्रा गालात, असे चालले तर त्या गोळीने काय करावे!

हे सारे आम्ही त्या मजुराला फाटकावर बसून सांगितले. ढेपेचे त्याला लगेच पटले, कारण त्याच्या घरी वासरू आहे. चिंध्यांचे ऐकून त्याने आपणहून जिनमधल्या तेलकट बोळ्यांसाठी झाकणाचा डबा मागून घेतला. पंख्यासाठी आमचा अर्ज गेला आहे. मुखपट्ट्या आल्या, त्या पातळ आहेत, त्यावर बोलणे चालू आहे. डबीत अकरा गोळ्या उरल्या होत्या, त्या संपवू का म्हणून त्याने विचारले. आम्ही म्हटले, आधी तोंड उघडून दाखव. धडधाकट माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी जातात. त्याची दोन गेली, तिसरे जाईना. त्याला वाटत होते, अक्कलदाढेमुळे असेल. येत्या सोमवारी सकाळच्या पाळीची रजा टाकून आम्ही त्याला दातांच्या दवाखान्यात घेऊन जाणार आहोत.